भिंतीपलीकडचा तास

आमच्या डिपार्टमेंटमध्ये गोल्ड मेडल माझ्याकडे होतं आणि पोरं सरांकडे.

मी माजलगावच्या एका कॉलेजात गणित शिकवते. माहेर केजचं. विद्यापीठात पहिली आले, प्राध्यापकीला लागणारी सेट परीक्षा पहिल्याच फटक्यात निघाली, कायम नोकरी लागली आणि वय पस्तीस व्हायच्या आत विभागप्रमुख झाले. सर आमच्याकडे तासिका तत्त्वावर होते. म्हणजे जेवढे तास घेतील तेवढ्यापुरते नोकरीत, आणि दर जूनला पुन्हा नव्यानं अर्ज. एम.एस्सी.ला सेकंड क्लास. सेटला चार वेळा बसले आणि चारही वेळा राहिले. एकदा तर त्यांनी अख्खा पेपर एकाच प्रश्नावर घालवला होता. प्रश्न लई देखणा होता, सोडून पुढं जावंसं वाटंना, असं त्यांनी मला स्टाफरूममध्ये चहा पिता पिता सांगितलं. पस्तावल्याचा मागमूस नाही. मी वरवर हसले. मग तासाला जाताना आठवून बघितलं, आपल्याला आजवर कुठला प्रश्न देखणा वाटला? मला प्रश्न सोपे वाटायचे किंवा अवघड. तिसरं काही आठवेना.

सरांचा मला हेवा वाटायला लागला तो त्या चहापासून.

दिसायला अगदीच साधे. उंच, खांद्यात वाकलेले, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी तांब्याच्या तारेचा तुकडा. बोलता बोलता तो काढून वाकवायचे, सरळ करायचे, परत ठेवायचे. अंगाला वार्निशचा वास. मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या मागं त्यांच्या अब्बांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. आमच्याकडे धरणाचं पाणी, त्यामुळे जिकडंतिकडं ऊस, आणि ऊस म्हटलं की विहिरीवरच्या मोटारी जळायच्याच. जळालेली मोटार उघडायची, जुनी तार काढायची, नवी भरायची, वार्निश पाजून वाळवायची. कॉलेजच्या आधी आणि कॉलेजनंतर सर तेच करायचे. अब्बा गेल्यावर मोठा भाऊ दुकान बघत होता, पण बारीक तारेचं काम सरांच्याच हाताला जमायचं.

पोरं त्यांना मागं ‘परतीचे सर’ म्हणायची, कारण त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. कुणी काहीही करून दाखवलं, आकडा दुप्पट केला, आकृती फिरवली, की सर म्हणायचे, ‘गेलात ते ठीक. परत कसं येणार?’

ग्रुप म्हणजे काय, हे गणिताबाहेरच्या माणसाला मला कधीच सांगता आलं नाही. सर ते कँटीनमधल्या मामांना सांगायचे. फंक्शन म्हणजे एक काम. त्याला आकडा द्या, ते आकड्याचं काहीतरी करून तुमच्या हातात ठेवतं. एका कामावर दुसरं काम केलं की तिसरंच काम तयार होतं. अशा कामांचं एक घर करा. घरातली कुठलीही दोन कामं जोडली तर होणारं काम घरातलंच निघालं पाहिजे. काहीच न करणारा एक जण घरात पाहिजे. आणि जो गेला त्याला परत आणणारा कुणीतरी घरातच पाहिजे. झाला ग्रुप. मामा विचारायचे, काहीच न करणारा कशाला पाहिजे? सर म्हणायचे, त्याच्याशिवाय परत आल्याचं कळणार कसं? गेलो, आलो, आणि काहीच झालं नाही असं झालं, म्हणजे आपण बरोबर आलो.

मामांना ते पटायचं. मी शेजारच्या टेबलावर वडापाव खात असायचे आणि मलाही पटायचं, याचाच राग यायचा.

दोन कामं एकामागून एक केली तर परत येताना क्रम उलटा होतो, हे मी फळ्यावर तीन ओळींत सिद्ध करते. सर वर्गात एक जळकी मोटार घेऊन आले होते. झाकण सगळ्यात शेवटी बसतं म्हणून सगळ्यात आधी निघतं, एवढं बोलून त्यांनी पाना एका पोराच्या हातात दिला. माझ्या तीन ओळी पोरं वहीत उतरवून घेतात. त्या मोटारीची आठवण पाच वर्षांपूर्वी पास झालेली पोरंसुद्धा अजून काढतात.

त्यांची फळा पुसायची पद्धतही जगावेगळी. तास संपत आला की ते डस्टर घेऊन फळ्याच्या तळाशी जायचे आणि शेवटची ओळ पुसायच्या आधी विचारायचे, ही कुठून आली? कुणीतरी सांगायचं. मग ती पुसायची. मग तिच्या वरची. असं करत सगळ्यात वरच्या ओळीपर्यंत. ती पुसली की म्हणायचे, आता घरी जा. पुढचा तास बहुतेक माझा असायचा. मी पुस्तक छातीशी धरून व्हरांड्यात उभी, आणि आत पोरं बेल झाल्याचं विसरून खालून वर चढतायत. मी एकदा सांगून बघितलं की वेळेचं बघा. त्यांनी माफी मागितली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

माझी खोली त्यांच्या वर्गाला लागून होती. मध्ये एकच भिंत. भिंतीपलीकडून हसू यायचं, मग एकदम शांतता, मग एखाद्या पोरीचा चढलेला आवाज, न्हाई सर, असं होऊच शकत न्हाई. माझ्या वर्गात आजवर कुणी माझ्याशी वाद घातलेला नव्हता. मी शिपायाला सांगून भिंतीजवळचं कपाट खिडकीकडे हलवून घेतलं आणि भिंतीला लागून खुर्ची टाकली. इथं उजेड चांगला येतो, असं सांगितलं. उजेड खिडकीकडे होता, हे शिपायालाही दिसत होतं.

एकदा प्राचार्य अचानक त्यांच्या वर्गात गेले आणि मागच्या बाकावर बसले. कुणीतरी तक्रार केली होती की सर मोटारी आणतात, पोरांना वर्गात फिरवतात. तक्रार मी केलेली नव्हती, पण ऐकून मला बरं वाटलं होतं. मी भिंतीला कान लावला. सर त्या दिवशी वर्ग करणाऱ्या फंक्शनबद्दल बोलत होते. तीनचा वर्ग नऊ, उणे तीनचाही नऊ. त्यांनी एकेक करून विचारलं, तुमी आता नऊवर बसलाय, कुठून आलात? कुणी म्हणालं तीनवरून, कुणी म्हणालं उणे तीनवरून. मग त्यांनी प्राचार्यांनाही उठवून तेच विचारलं. प्राचार्य म्हणाले, ऑफिसातून. वर्ग हसला, प्राचार्य स्वतः हसले. सर म्हणाले, साहेबांना माहीत हाय कुठून आले, म्हणून ते परत जाऊ शकतात. वर्ग करणाऱ्याला माहीत न्हाई, म्हणून त्याला आपल्या घरात जागा न्हाई. अर्ध्या तासानं प्राचार्य माझ्या खोलीत डोकावले आणि म्हणाले, माणूस अवलिया आहे, पण जपा त्याला.

मी जपलं नाही.

आमच्याकडे ग्रुपची ओळख सेकंड इयरला होते. तो पेपर सर चार वर्षं घेत होते. पाचव्या वर्षी वेळापत्रक करताना मी तो माझ्या नावापुढे लिहिला आणि न्यूमेरिकल मेथड्स त्यांना दिला. नुसती कोष्टकं आणि दशांश चिन्हं. त्या पेपराला घेणारा जांभया देतो आणि ऐकणाराही. विभागप्रमुखानं मुख्य विषय घ्यावा, असं कारण मनात तयार ठेवलं होतं. त्यांनी ते विचारलंच नाही. कागद बघितला, खिशातली तार काढून एकदा वाकवली आणि म्हणाले, ‘बरं मॅडम. हे बी चांगलं हाय.’

चार दिवसांनी एक मुलगी माझ्याकडे अर्ज घेऊन आली. धरणाच्या बाजूच्या एका खेड्यातली, एसटीनं येणारी, बारीक आवाजाची. फर्स्ट इयरला सरांनी तिला कॅल्क्युलस शिकवलं होतं. ग्रुपचा पेपर सरांकडे द्यावा, अशी त्या अर्जात विनंती होती आणि खाली वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांच्या सह्या. मी तिला विचारलं की मला शिकवता येत नाही का. ती घाबरली. तसं न्हाई मॅडम, म्हणाली. मी तिला सांगितलं की सह्या गोळा करून अभ्यासक्रम चालत नाही. अर्ज ठेवून घेतला आणि ड्रॉवरमध्ये टाकला. ती गेल्यावर काढून सह्या मोजल्या. मग कोण कोण नाही ते शोधलं. दोघं जण नव्हते. ते दोघं त्या दिवशी गैरहजर होते, हे मला हजेरीपटावरून कळलं.

मी त्या वर्षी फार तयारीनं शिकवलं. प्रत्येक व्याख्या स्वच्छ, प्रत्येक सिद्धता पूर्ण, फळा असा की फोटो काढून ठेवावा. वर्गात पंख्याचा आवाज ऐकू यायचा. भिंतीपलीकडे, न्यूमेरिकलच्या तासाला, हसू होतंच.

एका तासाला मी सहा फंक्शनांचा ग्रुप घेतला. आकडा एकातून वजा करणं हे एक काम. एकाला आकड्यानं भागणं, म्हणजे आकडा उलटा करणं, हे दुसरं. ही दोन एकमेकांना जोडत गेलं की सगळी मिळून सहाच कामं तयार होतात, सातवं होत नाही. मी सहा गुणिले सहाचा तक्ता काढला, छत्तीस घरं भरली आणि ग्रुप आहे असं लिहून खाली रेघ मारली. ती मुलगी उभी राहिली.

‘मॅडम, पण सहाच कावून?’

सहाच का, याला उत्तर म्हणून मी तक्त्याकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, तक्ता समजला, पण सातवं कावून होत न्हाई? मी म्हणाले की परीक्षेत तक्ता विचारतात, सातवं विचारत नाहीत. एकदोघं हसले. त्या वर्षात माझ्या वर्गात तेवढंच हसू झालं. ती खाली बसली आणि नंतर वर्षभर उठली नाही.

पुढच्या जूनमध्ये प्रवेश कमी झाले. कार्यभाराचा तक्ता विभागप्रमुख करतो. प्रॅक्टिकलच्या बॅच दोन दाखवायच्या की एक, हे पोरांच्या संख्येवर असतं आणि आमची संख्या अगदी काठावर होती. दोन दाखवल्या असत्या तर चाललं असतं. आधीच्या वर्षी मीच तसं दाखवलं होतं. मी एक लिहिली. तास कमी झाले आणि तासिका तत्त्वावरची सरांची जागा गेली. मी नियमानं वागले. नियम माझ्या मनासारखा होता, एवढंच.

सर ग्रंथालयाची पुस्तकं परत करून माझ्याकडे सही घ्यायला आले. मी तोंडावर दिलगिरी आणली. त्यांनी ती ऐकून घेतली. मग विचारलं, थर्ड इयरला अल्जेब्रा कोण घेणार. मीच, म्हणाले.

‘ती धरणाकडची पोरगी हाय ना, तिला कावून विचारायची खोड हाय. तिला गप बसवू नका, मॅडम. एवढंच.’

मी सही केली. तिला मी आधीच गप्प बसवलं होतं, हे त्यांना ठाऊक होतं की नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. कळलं असतं तर बरं झालं असतं. माणूस रागावला की आपल्याला हिशेब मिटल्यासारखं वाटतं.

दिवाळीनंतर मला समजलं की थर्ड इयरची दहाबारा पोरं दर रविवारी सकाळी त्यांच्या दुकानात जमतात. फी नाही, परीक्षेचं काही नाही. नुसतीच जमतात. कॉलेजात ज्यांची हजेरी भरत नाही ती पोरं रविवारी एसटीनं माजलगावला येतात, याची मी दोघांकडून खात्री करून घेतली. पुढच्या रविवारी मी गेले. आमच्या बोअरची मोटार जळाली होती, हे खरं होतं. पण माजलगावात रिवायंडिंगची दुकानं पाचसहा आहेत.

शटर अर्धं वर होतं. बाहेर भाऊ मोटारी उघडत बसला होता. आत पोरं पालथ्या डब्यांवर, पोत्यांवर बसलेली. जुन्या कपाटाचं एक दार भिंतीला टेकवून त्याचा फळा केलेला. मला बघून सगळी ताडकन उठली. सर म्हणाले, बसा बे, इथं कुणी उठायचं न्हाई. त्यांनी भावाला माझी मोटार उतरून घ्यायला सांगितलं आणि माझ्यापुढे एक डबा सरकवला. मला जाता आलं असतं. मी बसले.

दारावर आकडे होते. तीनपासून निघालेले. एकातून तीन वजा, उणे दोन. उलटा केला, उणे अर्धा. पुन्हा एकातून वजा, दीड. उलटा, दोन तृतीयांश. वजा, एक तृतीयांश. उलटा, तीन. सहा पावलांत घरी. पोरांनी आपापले आकडे घेऊन बघितले होते आणि सगळेच सहा पावलांत घरी आले होते. सर मागं सरकले आणि विचारलं, हे सहाच्या पुढं जात कावून न्हाई? त्यांची नजर फिरत माझ्यावर आली. म्हणाले, मॅडम, तुमी सांगा.

मला वाटलं, सूड घेतायत. पण त्या नजरेत तसलं काही नव्हतं. ते पोरांना विचारायचे तसंच मला विचारत होते. मी उठले आणि तक्ता सांगितला. तोंडपाठच होता.

सर म्हणाले, ‘बरोबर हाय. हे किती झालं. कावून राहिलं.’

तेव्हा ती मुलगी उठली. सरांनी मला नंतर सांगितलं की त्यांनी तिला उत्तर दिलेलं नव्हतं. महिनाभर फक्त एकच विचारत होते: कुठल्या आकड्यांना या खेळात घेता येत नाही? ती दाराजवळ गेली आणि बारीक आवाजात बोलायला लागली. शून्याला घेता येत न्हाई, कारण शून्यानं भागता येत न्हाई. एकाला घेता येत न्हाई, कारण तो वजा केला की शून्य होतो. आणि शून्यानं भागल्यावर जिथं जावं लागतं ती एक जागा, तो आकडाच नव्हं. तिला आपण लांबचं गाव म्हणू. असे तिघं. वजा करणारा शून्याची आणि एकाची अदलाबदल करतो, लांबचं गाव हलत न्हाई. उलटा करणारा शून्याची आणि लांबच्या गावाची अदलाबदल करतो, एक हलत न्हाई. म्हणजे कितीही कामं जोडली तरी हे तिघं आपसातच जागा बदलणार. तीन माणसं तीन खुर्च्यांवर किती तऱ्हेनं बसतील? सहा.

ती थांबली. मग स्वतःच म्हणाली, एक अडतंय. तिघांना सारखंच बसवणारी दोन वेगळी कामं निघाली, तर सहाच्या वर जातील. तशी निघत न्हाईत असं वाटतंय, पण कावून ते सापडलं न्हाई.

मला ते माहीत होतं. असलं फंक्शन कोणत्या तीन जागांना कुठं नेतं एवढं ठरलं की सगळंच ठरतं, दुसरं निघूच शकत नाही. हे मी दरवर्षी थर्ड इयरला कॉम्प्लेक्स आकड्यांच्या पेपरात शिकवते; त्याच आठवड्यात शिकवलं होतं. ग्रुपची आणि त्या पेपराची अशा माझ्या दोन्ही वह्या एकाच कपाटात शेजारी शेजारी आहेत. बारा वर्षांत माझ्या मनात त्या एकमेकींना भेटल्या नव्हत्या. मी त्या क्षणी सांगू शकले असते. पोरांनी माझ्याकडे वळून बघितलं असतं. मी सांगितलं नाही. आपल्याकडचं थोडं आपल्याकडे राहू द्यावं, असं वाटलं. सर म्हणाले, राहू दे, पुढच्या रविवारी बघू.

पुढच्या रविवारी मोटार तयार होती. ती न्यायला म्हणून मी गेले आणि आत जाऊन बसले. ती मुलगी माझ्या आधी आली होती. वही उघडून तिनं सरांना सांगितलं की अडलेलं सुटलं. तीन जागा ठरल्या की सगळं काम ठरतं. दाराच्या फळ्यावर तिनं चार ओळींत ते करून दाखवलं, न अडखळता. सरांनी तिला विचारलं, हे कुठून आणलंस?

‘मॅडमनीच शिकवलंय की, दुसऱ्या पेपरात,’ ती म्हणाली. ‘एसटीत वही चाळत होते, तर एकदम दिसलं की हे तेच हाय.’

पोरं माझ्याकडे बघायला लागली. सरही हसून बघत होते, जणू मी काही दिलं होतं. मी मान हलवली. ती मुलगी अजून फळ्याकडेच बघत उभी होती, खडू हातात, तोंड थोडं उघडं, आपणच लिहिलेल्या ओळींवर तिचा विश्वास बसत नसल्यासारखी. सहा वर्षं मी सरांचा हेवा करत आले होते. त्या सकाळी तो कुठं गेला कळलं नाही. मला तिचा हेवा वाटला.